पायी माणसे : अकरा

जोडगल्लीत म्हैस एकच होती, बाबू गवळ्याची. नाव बिजली, पण चाल अशी की सकाळी गोठ्यातून निघाली तर चौकात पोचेपर्यंत बाबूचा दोनदा चहा व्हायचा. त्याखेरीज जनावर म्हणावं तर तालमीच्या पायरीवर झोपणारं एक लंगडं कुत्रं. तरीही त्या सोमवारी चौकातल्या फलकावर जे पत्रक उमटलं, त्यातली अक्षरं ठळक होती.

'जोडगल्ली क्रॉसिंग. रोजची सरासरी. पायी माणसे : अकरा. भटकी जनावरे : चारशे सहा. निर्णय : क्रॉसिंग बंद.'

हौसाक्का सातपुतेनं ते एकदा वाचलं, मग एकेका अक्षरावर थांबत पुन्हा वाचलं. तिच्या काखेत ओल्या चामड्याची गुंडाळी होती आणि ती रस्त्यापलीकडं, मालनच्या घरी निघाली होती.

"चारशे सहा?" बाबू गवळी मागं येऊन उभा राहिला. "आक्का, बिजली एवढी चालत असती तर मी तिला शर्यतीत उतरवली नसती व्हय?"

"मग ही जनावरं आली कुठनं?"

बाबूनं खांदे उडवले. तेवढ्यात रस्त्याच्या कडेनं कमरेएवढे लोखंडी खुंटे जमिनीतून वर यायला लागले. एकामागून एक, आवाज न करता, जणू कुणी खालून ढकलतंय. दोन खुंट्यांमधल्या तारा ताणल्या गेल्या. काल जिथं पांढरे पट्टे होते तिथं आज कुंपण उभं राहिलं. त्याच्या पलीकडं मालनचं निळं दार दिसत होतं. दोनशे पावलांचं अंतर. चाळीस वर्षं हौसाक्कानं ते कधी मोजलं नव्हतं.

ही गोष्ट चालकाविना गाड्या आपल्याकडं रुळल्या त्यानंतरची. तांबेगाव काही मोठं शहर नव्हे. कोल्हापूरहून तासाभरावरचं, चपलांसाठी नाव असलेलं गाव. तिथंही या गाड्या आल्या. बुटक्या, चौकोनी, पांढऱ्या. लोक त्यांना डबी म्हणत. बोलावली की दारात यायची, सांगाल तिथं सोडायची. हॉर्न नाही, धूर नाही, धडक नाही. फक्त रस्ता डब्यांना किती द्यायचा आणि पायांना किती, हे कुणीतरी ठरवायला हवं होतं. ते काम 'सुगम' नावाच्या यंत्रणेकडं गेलं. मुकादम सकाळी मजुरांना कामं वाटून देतो तशी ही यंत्रणा दर सोमवारी रस्ता वाटून द्यायची, म्हणून गावानं तिचं नाव पाडलं मुकादम.

मुकादमाला डोळे नव्हते. चेहरे टिपणाऱ्या कॅमेऱ्यांना लोकांनी पूर्वीच विरोध केला होता. त्याचे कान जमिनीत होते. डांबराखाली केसाएवढी बारीक काचेची तार गावभर पुरलेली होती आणि तिच्यातून सेकंदाला हजारो वेळा उजेडाचा ठिपका सोडला जायचा. वर पाऊल पडलं की जमीन दबते, आपल्याला कळणारही नाही इतकी. तार तेवढीच ताणली जाते, आणि परत येणारा उजेड किंचित बदलतो. त्या बदलावरून मुकादम ओळखायचा की हे चाक, हे पाऊल, हे खूर. ज्या क्रॉसिंगवर रोज पन्नास माणसं नाहीत तिथं डब्या अडवायच्या नाहीत, असा नियम होता. नियमात खोट नव्हती. खोट मोजण्यात होती.

पण हे सगळं हौसाक्काला तेव्हा कुठं माहीत? तिला एवढंच दिसत होतं की चामडं सुकत चाललंय.

हौसाक्का आणि मालन या गल्लीत एकाच वर्षी नांदायला आल्या. दोघींच्या सासरी चपलांचंच काम. तेव्हापासून एका जोडातली डावी चप्पल हौसाक्काच्या हातची आणि उजवी मालनच्या. बघणारे हसायचे, पण तांबेगावात त्या जोडाला तोड नव्हती. त्याला शेजारी बसावं लागतं. एकीनं चामड्याची वेणी किती ओढली हे दुसरीला मांडीला मांडी लावल्याशिवाय कळत नाही. दोन घरांत बसून केलेला जोड पायात घातला की एक पाय आवळतो आणि दुसरा सुटतो.

पाच वर्षांपूर्वी मालनची नजर गेली. बोटं शाबूत होती, त्यामुळं काम अडलं नाही. फक्त आता ती घराबाहेर पडायची नाही. हौसाक्काच दिवसातून पाच खेपा करायची. ती वळणावर आली की मालन आतूनच म्हणायची, "ये गं." कारण हौसाक्काच्या पायात विंचवाची चप्पल असायची. विंचू म्हणजे डंख मारणारा नव्हे. रानात मिळणारं, आकड्यासारखं बी. ते तळाच्या दोन थरांमध्ये बसवलं की पाऊल वाकताना चप्पल कर्रकर्र वाजते. पूर्वी पैलवान मिरवायला घालायचे. आता तशी चप्पल गावात एकटीच्या पायात उरली होती.

त्या सोमवारी हौसाक्कानं डबी बोलावली. पुलावरून वळसा घालून तीन किलोमीटर, पण करणार काय? दार उघडलं, ती आत बसली आणि डबी गोड आवाजात म्हणाली, "आपल्याजवळ कुजका माल आहे. कृपया तो उतरवा."

"कुजका? अगं, कमावलेलं चामडं हाय ते!"

"कृपया तो उतरवा."

"तुला नाक कुणी बसवलं गं, भवाने?"

डबी हलली नाही. हौसाक्का उतरली. कुंपणापाशी जाऊन तिनं पलीकडं हाक मारली. निळं दार उघडलं आणि मालन उंबऱ्यात येऊन उभी राहिली, चेहरा भलतीकडं वळवून. मधून डब्या सळसळत जात होत्या. दोघींचं बोलणं काही एकमेकींपर्यंत पोचलं नाही. बाकीचे लोक तर तारा बघून लांबूनच मागं फिरत होते.

रविवारी मुलगा प्रथमेश आणि सून प्रणाली जेवायला आले. प्रणाली रस्ता-नियोजनाच्या कचेरीत होती. लग्नात पाहुण्यांनी तिच्या नावावरून हौसाक्काला बरंच चिडवलं होतं, की आता घरात थेट प्रणालीच आली, बिघडली तर दुरुस्तीला कुणाला बोलावणार? पोरगी शहाणी होती. मोजून बोलायची.

"मुकादमाच्या पत्रकावर कुणाची तरी सही असती का गं?" भाकरी वाढता वाढता हौसाक्कानं विचारलं.

प्रणालीचा घास हातातच राहिला. "असते, आत्या. जोडगल्लीची माझी आहे."

प्रथमेशनं मान खाली घातली.

"दर सोमवारी तीनशे क्रॉसिंगांचे आकडे येतात," प्रणाली म्हणाली. "खाली 'प्रत्यक्ष तपासले' असं लिहिलेलं असतं. त्यावर बटण दाबायचं."

"आणि तपासलंस?"

प्रणालीनं हातातला घास ताटात ठेवला.

"मग आता तपास. आज माझ्या पंगतीला माणसं किती बसलीत आणि जनावरं किती?"

"आई, पुरे की," प्रथमेश म्हणाला. "त्यापेक्षा आमच्याकडं राहायला ये. चौथा मजला, लिफ्ट आहे, खाली बाग आहे."

"आणि मालनला कुठं ठेवू? बागेत?"

निघताना प्रणाली उंबऱ्यात थांबली. "आत्या, मुकादमाशी भांडून उपयोग नाही. त्याला माणसं दाखवायला लागतात. पन्नास दाखवा, खुंटे खाली जातील."

त्या एका वाक्यातून मंडळ उभं राहिलं.

पहिल्या बैठकीला तालमीच्या पायरीवर बाराजण होते आणि कुत्रं. अंगणवाडीच्या सलमा नदाफबाई वही घेऊन आल्या होत्या. क्रॉसिंग बंद झाल्यापासून त्यांची पलीकडची नऊ पोरं यायची थांबली होती. नाव काय ठेवायचं यावर तासभर गेला. कुणी 'पादचारी विकास' म्हणालं, कुणी 'चला चालूया'. शेवटी हौसाक्का म्हणाली, "पायताण मंडळ म्हणा. पायात घालतो तेच नाव. समजावून सांगायला नको."

सलमाबाईंनी विचारलं, गल्लीत चालताना कुणाला काय आडवं येतं? बोलती तोंडं थांबेनात. फुटकी गटाराची झाकणं. तालमीनं फुटपाथवर टाकलेला मातीचा ढीग. बाबूच्या दुधाच्या किटल्या. "आणि आक्काच्या चामडं वाळवायच्या फळ्या," बाबूनं हळूच भर घातली. हशा झाला. हौसाक्का उठली, घरी गेली आणि पहिली फळी तिनं स्वतः उचलून परसात नेली. मग कुणाची बोलायची सोय राहिली नाही. आठवड्याभरात ढीग गेला, किटल्या गेल्या, झाकणं बसली. दोन दगडी बाक आले. गल्लीतली बायामाणसं संध्याकाळी उगीचच एक फेरी मारायला लागली. आपली गल्ली एवढी रुंद आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

मग मोजणीचा दिवस ठरला. शुक्रवार, सकाळी आठ. अलीकडून तीनशे, पलीकडून दोनशे माणसं खुंट्यांपाशी जमली. कुणी हलगी आणली. चांगल्या कामाला निघायचं म्हणजे नारळ हवाच. तो फोडायचा मान हौसाक्काचा. तिनं दगड पुढं घेतला, आणि पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली. नारळ काय पायताण घालून फोडायचा? तिनं काढली तशी पुढच्या रांगेनं काढली, मग मागच्या रांगेनं. पलीकडच्या लोकांनी बघितलं, त्यांनीही काढली. पाचशे जोड दोन्ही कडांना ओळीनं लागले.

नारळ फुटला. पाचशे माणसं अनवाणी पुढं सरकली. आणि काय सांगावं, खुंट्यांच्या डोक्यावर पिवळे दिवे लागले आणि खुंटे आपोआप जमिनीत गेले! डब्या जागच्या जागी थांबल्या.

"पिवळा दिवा! हळदीचा रंग! शुभच!" कुणीतरी ओरडलं. हलगी कडाडली. हौसाक्का धावत पलीकडं गेली आणि मालनच्या गळ्यात पडली. दिवसभर जाणं-येणं चालू होतं. अनवाणी, कारण आज वाटेची पूजा झाली होती.

सोमवारी सगळी गल्ली फलकापुढं नटूनथटून उभी होती.

'पायी माणसे : शून्य. भटकी जनावरे : एक हजार एकशे बारा. कळप धोकादायक. निर्णय : पंधरा दिवसांत पक्की उंच जाळी.'

लोकांनी ते तीनतीनदा वाचलं. शेवटी बाबूच्याच डोक्यात उजेड पडला. "आयला! म्हणजे ते खुंटे जनावरांसाठी खाली गेले! पिवळा दिवा जनावराचा! डबीखाली म्हैस येऊ नये म्हणून वाट सोडतोय तो." त्यानं खात्री करायला बिजलीला आणली. तिनं दोन पावलं टाकली, पिवळा दिवा, खुंटे खाली. म्हशीला वाट होती. माणसाला नव्हती.

"मग बिघडलं कुठं?" बाबू म्हणाला. "जाळी होईपर्यंत काढा पायताणं आणि चला. जाळीविरुद्ध अर्ज करू, की जनावरांचे हाल होतात म्हणून. जनावरांचं लगेच ऐकतात."

बऱ्याच माना हलल्या. सोपंच होतं ते.

"मी नाही काढायची," हौसाक्का म्हणाली.

"परवा तर काढलीस की."

"परवा देवापुढं काढली." तिचा आवाज चढला नाही. "माझा आजा दुसऱ्यांच्या आळीतनं जाताना स्वतः केलेलं पायताण काढून हातात धरायचा. त्याला तसंच जावं लागायचं. माझ्या बापानं ते मोडलं आणि त्यापायी मार खाल्ला. आता यंत्राला बरं वाटावं म्हणून मी परत हातात घेऊ? चप्पल करणारी गल्ली ही. जनावर म्हणून मिळालेली वाट मला नको."

"आक्काला वाट नको, मान पाहिजे," मागून कुणीतरी टोमणा मारला.

"दोन्ही पाहिजे," हौसाक्का म्हणाली.

मंडळातले चारजण त्या दिवशी उठून गेले. बाबू मात्र गेला नाही. दुसऱ्या दिवशी तो बिजलीला घेऊन दारात आला. "म्हैस जनावर म्हणून पुढं जाईल. तू माणूस म्हणून मागनं ये. मग तर चालेल?" हौसाक्काला हसू फुटलं. तिनं ओल्या चामड्याची गुंडाळी बिजलीच्या पाठीवर टाकली, विंचवाची चप्पल चढवली आणि म्हशीमागून रस्ता ओलांडला.

मालननं सगळं ऐकून घेतलं. तिची बोटं वेणी ओढत होती. मग ती म्हणाली, "ते शून्य राहू दे. पहिल्यांदा अकरा माणसं लिहिली होती, ती कोण?"

"असतील कुणीतरी."

"कुणीतरी कसं? एवढ्या गल्लीत त्याला अकराच माणसं कशी दिसली?" मालननं वेणी खाली ठेवली. "सकाळी सातला तू यायचीस. नऊला चहाला परत. दहाला यायचीस, एकला जायचीस..." ती बोटांवर मोजत गेली. नजर गेल्यापासून तिचा दिवसच हौसाक्काच्या चपलेवर चालायचा. पाच येण्याच्या, पाच जाण्याच्या. दहा. "आणि अकरावा पोस्टमन. त्याच्या पायात बूट असत्यात."

हौसाक्का तिच्याकडं बघतच राहिली. "म्हणजे ती सगळी माणसं मीच?"

"तूच गं बाई. गल्लीत माणूस तेवढी तू एकटी."

दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग हौसाक्कानं प्रणालीला फोन लावला.

प्रणाली संध्याकाळी एकटीच आली. या वेळी तिनं डबी कोपऱ्यावरच सोडली आणि गल्लीतून चालत आली. घराच्या पायरीवर बसून तिनं नीट समजावून सांगितलं. मुकादमाला शिकवताना पावलांचे नमुने मोठ्या शहरांतले वापरले होते, बूट घातलेल्या, भराभर चालणाऱ्या लोकांचे. बुटाची टाच कठीण. आधी टाच आपटते, मग चवडा टेकतो. दोन ठोके. मुकादमाच्या लेखी दोन ठोके म्हणजे माणूस. अनवाणी पाऊल, झिजलेली स्लिपर, म्हातारपणाची घसटती चाल यांचा एकच मऊ ठोका पडतो, खुरासारखा. "तुमच्या चपलेचा तळ जाड, टाच कठीण. शिवाय विंचवामुळं पाऊल वाकताना बारीक थरथर होते. म्हणून तुम्ही त्याला स्वच्छ कळता. आणि दोन म्हाताऱ्या हात धरून चालल्या..."

"की चार पाय!" हौसाक्का म्हणाली. "मग त्याला शिकवा की पुन्हा."

"शिकवता येतं. नियम आहे. कुठल्याही गल्लीनं आपला नमुना द्यावा, यंत्रणेनं तो घ्यायलाच हवा. आजवर कुणी दिला नाही एवढंच." प्रणालीनं पदराशी चाळा केला. "नमुना द्यायचा तर आधीची तपासणी चुकली होती असं लिहून द्यावं लागतं. जिनं बटण दाबलं तिनंच."

"म्हणजे तू."

"म्हणजे मी."

हौसाक्काला आठवलं, पुढच्या महिन्यात सुनेची बढती व्हायची होती. प्रथमेशनं पेढ्यांची चौकशीसुद्धा केली होती. ती हळूच म्हणाली, "मी तुला लिही म्हणणार नाही, पोरी."

"तुम्ही म्हणू नका, आत्या," प्रणाली म्हणाली. "मी लिहून देऊनच आले."

हौसाक्कानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताला चामड्याचा वास होता. प्रणालीनं डोकं मागं घेतलं नाही.

युक्ती अशी होती. माणूस पायताण बदलतो, चाल बदलत नाही. डाव्या-उजव्या पावलांतलं अंतर, एका पायावर थोडा जास्त भार, गुडघ्याची अडचण, हे प्रत्येकाचं आपापलं असतं. विंचवाची चप्पल घालून एखादा चाळीस पावलं चालला की मुकादमाला तो माणूस म्हणून पक्का कळणार. लगेच तोच माणूस स्वतःची चप्पल घालून चालेल, मग अनवाणी. तीच चाल ओळखून मुकादम शिकेल की हाही माणूस, तोही माणूस. सगळ्या पायांना पुरतील असे सात मापांचे सात जोड हवे होते. जाळी यायला तेरा दिवस उरले होते.

दोघी कामाला बसल्या. रोज सकाळी बिजली हौसाक्काला पलीकडं पोचवायची. उठून गेलेले चारजण रानातून पोतंभर विंचू घेऊन परत आले. हौसाक्कानं पोतं उतरवून घेतलं. नऊ दिवसांत सात डाव्या आणि सात उजव्या तयार झाल्या.

दहाव्या दिवशी, अलीकडच्या फुटपाथवर, जिथं खाली तार होती तिथं चुन्यानं दोन रेघा मारल्या. पलीकडचे लोक बिजलीमागून आले. सलमाबाई नाव लिहून घेत, प्रणाली यंत्रावर खूण करी, आणि एकेक जण चाले. पण घोळ झाला. मोजतात म्हटल्यावर माणसं माणसांसारखी चालेनात. कुणी छाती काढून, कुणी पाय आपटत, कुणी लग्नातल्या नवऱ्यासारखं. चाल खरी नसेल तर नमुना कसला? आणि खरी कुठली, हे प्रणालीला काय कळणार?

हौसाक्कानं हाताला धरून आणून बाकावर बसवलेल्या मालनला ते कळलं. पाच वर्षं ती दारात बसून गल्लीचे पाय ऐकत होती.

"बाबू, ही तुझी चाल नव्हं!" तिनं बसल्या जागेवरून दटावलं. "परेडला आलायस व्हय? बिजलीच्या मागनं चालतोस तसा चाल."

बाबू ओशाळला, परत गेला आणि रेंगाळत आला.

"हां, हा बाबू. घ्या लिहून. कोण, कमळ? अगं, तुझा डावा पाय दुखतो ना? मग लपवतेस कुणापासनं?"

दिवसभर असंच चाललं. मालन 'हां' म्हणाली की प्रणाली खूण करायची. संध्याकाळपर्यंत तीनशे अठरा माणसं प्रत्येकी तीनदा चालून झाली. लंगडी, वाकलेली, दुडकी, सगळी. शेवटी हौसाक्का उठली.

"तू बस," मालन म्हणाली. "तुला तो ओळखतो."

नमुना गेला. पुढचे तीन दिवस मुकादम काहीच बोलला नाही. पंधराव्या दिवशी सकाळी जाळीचे उंच पत्रे लादलेली गाडी कोपऱ्यावर येऊन थांबली. कामगार खाली उतरले. दहा वाजता काम सुरू करायचा हुकूम होता.

प्रणाली हातातल्या पडद्याकडं बघत धावत आली. "पहाटे शिकून झालंय असं दाखवतोय. पण शिकला की नाही ते पाऊल टाकल्याशिवाय कळणार नाही. एकानंच जायला हवं. गर्दी नको."

सगळ्यांनी हौसाक्काकडं बघितलं. तेवढ्यात रस्त्यापलीकडचं निळं दार उघडलं आणि मालन काठी टेकत बाहेर आली. पाच वर्षांत ती एकटी दाराबाहेर पडली नव्हती.

"मालन, थांब!" हौसाक्का ओरडली. "निदान विंचवाची घाल पायात! जोड दारातच हाय बघ, खात्री राहील!"

डब्यांची रांग जरा विरळ झाली तसा मालनचा आवाज स्पष्ट आला. "वाजणाऱ्या चपलेला तो आधीपासनं ओळखतो. मला न वाजता ओळखू दे."

तिच्या पायात अंगठ्याशी झिजलेली रबरी स्लिपर होती. उजवा पाय घसटत होता. पाऊल, घसट, काठी. मुकादमाला याहून अवघड कोडं गावात दुसरं नव्हतं. ती खुंट्यांपाशी आली. हौसाक्कानं बाबूचं मनगट इतकं आवळलं की तो कळवळला.

पाऊल. घसट. काठी.

खुंट्याच्या डोक्यावर दिवा लागला. हिरवा.

खुंटे सावकाश जमिनीत गेले. डावीकडच्या डब्या थांबल्या, उजवीकडच्या थांबल्या. मग सलमाबाईंच्या कडेवरल्या पोरीनं एकटीनंच टाळ्या वाजवल्या, आणि त्यानंतर जो गलका उठला तो नदीपर्यंत गेला असेल. पत्र्यांच्या गाडीवरचे कामगारही टाळ्या वाजवत होते.

पुढं बरंच झालं. पुढच्या सोमवारच्या पत्रकात आलं, 'पायी माणसे : सहाशे बेचाळीस. भटकी जनावरे : एक,' आणि बाबूनं ते बिजलीला वाचून दाखवलं. 'जोडगल्ली नमुना' बारा गावांनी मागून नेला. गावोगावी पायताण मंडळं निघाली आणि कुठं कुठं मुकादमानं अर्धा रस्ता पायांना काढून दिला. प्रणालीची बढती हुकली ती हुकलीच, पण नमुने गोळा करायचं काम तिच्याकडं आलं आणि ती सात जोडांची पिशवी खांद्याला अडकवून गल्लोगल्ली चालायला लागली. सही करण्याआधी.

पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी मालन रस्त्याच्या मधोमध आली आणि थांबली. तिनं काठी बगलेत धरली, चेहरा वर केला आणि कान दिले. दोन्ही बाजूंना डब्यांच्या रांगा लागल्या होत्या, पार पुलापर्यंत.

"हौसा," तिनं हाक मारली, "थांबल्यात का गं सगळ्या?"

"थांबल्यात!" हौसाक्का हात पसरून ओरडली. "सगळ्या थांबल्यात. ये आता, ये लवकर!"

"लवकर कशाला?" मालन म्हणाली, आणि तिनं पुढचं पाऊल आपल्या नेहमीच्या चालीनं टाकलं. "थांबू देत की."